अर्धी कुपी

"आजपासून किल्ली तुमच्याकडे," असं म्हणत मेट्रनबाईंनी कडक औषधांच्या कपाटाची किल्ली सिस्टरच्या हातावर ठेवली. उपचार घेऊन ती कामावर परतली त्याला आठ महिने झाले होते. आठ महिने हे कपाट दुसरंच कुणीतरी उघडायचं आणि ती पाठ फिरवून बँडेजच्या घड्या घालत बसायची.

पाच नंबरचे आजोबा कण्हत होते. खुब्याचं ऑपरेशन कालच झालेलं. डॉक्टरांनी दुखण्यावर गुंगीचं इंजेक्शन लिहिलं होतं, अर्धी कुपी.

म्हणजे अर्धी उरणार. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं आणि रजिस्टरवर दोघींनी सह्या करायच्या, असा नियम. पण गडबडीत दुसरी सही मागाहूनच व्हायची. तेवढ्या वेळात ते उरलेलं एके काळी कुठे जायचं, हे तिच्या दंडाला ठाऊक होतं.

किल्ली मुठीत गरम झाली. दंड अजून काहीच विसरला नव्हता.

"मॅडम, मी एकटी नाही उघडणार. त्यांना बोलवा."

तिने ज्या नर्सकडे बोट दाखवलं, तिला सगळा वॉर्ड पाठीमागे 'सीसीटीव्ही' म्हणायचा. सिस्टरची चोरी पकडली होती तीही तिनेच. मेट्रनबाई चपापल्या. अहो, एवढा विश्वास टाकलाय आम्ही, असं काहीबाही पुटपुटल्या.

"तुमचा आहे हो. माझाच माझ्यावर नाही. म्हणून त्याच हव्यात."

सीसीटीव्ही आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सिस्टरने कपाट उघडून कुपीची मान मोडली. अर्धं औषध सिरिंजमध्ये आलं, अर्धं काचेत राहिलं, पाण्यासारखं नितळ. सिस्टरचा हात तिथेच थबकला. सीसीटीव्हीने घाई केली नाही, नजरही हलवली नाही.

मग सिस्टरने कुपी बेसिनमध्ये उलटी केली आणि नळ पूर्ण सोडला.

"रोज अशीच बोलावणार का मला?" सही करता करता सीसीटीव्हीने विचारलं.

"रोज."

"मग जरा आधी सांगत जा. चहा गार झाला माझा."

सिस्टरने ट्रे उचलला आणि भर वॉर्डातून ताठ मानेने निघाली. "आले हं, आजोबा," ती म्हणाली, ते इतक्या खणखणीत आवाजात की दुपारची डुलकी घेणारे दोघे पेशंट उठून बसले.