दवाखान्याचा मॅनेजर

भोपाळच्या वेशीवरच्या आमच्या गावात दवाखाना नाही, म्हणून माझी सून शहरात पोचायच्या आत रिक्षातच बाळंत झाली आणि नात तिथेच गेली. त्या दिवसापासून नगर परिषदेची एकही सभा मी सुखानं पार पडू दिलेली नाही. मला बघितलं की नगरसेवक रस्ता बदलतात. दवाखान्याचा निधी आला, भूमिपूजन झालं, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि जागेवर आजही फक्त अध्यक्षांच्या नावाचा दगड उभा आहे. पंधरा ऑगस्टला त्या दगडालाच हार घालतात मेले!

काल सभेत कळलं की इमारतीच्या त्याच निधीतून दवाखान्याला मॅनेजर नेमलाय. माझं डोकंच फिरलं.

"एक वीट रचली नाहीत आणि मॅनेजर कसला नेमता? काय सांभाळणार तो, तुमचा दगड?" मी टेबलावर हात आपटला. "कोण आहे तो निर्लज्ज? उभा करा माझ्यासमोर!"

अध्यक्ष जराही चिडले नाहीत. हसत म्हणाले, "ज़रूर, माताजी. मैनेजर साहब, ज़रा खड़े हो जाइए."

 

मागच्या रांगेतून माझा मुलगा उठला, रिक्षात गेलेल्या त्या लेकराचा बाप, आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, आता पुरे कर."