कोपऱ्यातला कीबोर्ड

"बाबा, मोबाइलचा कीबोर्ड परत आक्रसून डाव्या कोपऱ्यात गेलाय! कुठे कुठे बोटं लावता हो तुम्ही?"

आई अंथरुणाला खिळल्यापासून लेक दर रविवारी यायची, आणि दर रविवारी हेच. तिनं सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड रिसेट केला. तो पुन्हा स्क्रीनभर पसरला.

"आता याला हात लावलात तर बघा!"

"नाही गं बाई," बाबा हसले.

निघताना ती आईच्या खोलीत डोकावली. आईचा नुकताच डोळा लागला होता. बाबांचा उजवा हात तिनं झोपेतही घट्ट धरून ठेवला होता. आणि बाबा डाव्या अंगठ्यानं, हळूच, कीबोर्ड पुन्हा त्याच कोपऱ्यात सरकवत होते.