पिवळी पूड

आमच्या यॉर्कशायरच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटामागे पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली सापडली. आत पिवळी, ठणठणीत कोरडी पूड. ही पूड ओली असते तोवर गरीब गाय. सुकली, की नुसतं झाकण फिरवलं तरी स्फोट! सगळी शाळा मैदानात काढली. बॉम्बवाल्यांनी बाटली लांब नेऊन उडवली आणि हवेत व्हॅनिलाचा घमघमाट सुटला.

भूगोलाचे थ्वेट सर हळहळले. "अहो, माझी कस्टर्ड पावडर होती ती! स्टाफरूममध्ये ठेवली की तुम्ही मेले फस्त करता. या बाटलीला कोण हात लावणार?"

"धन्य आहात!" मुख्याध्यापिका रॅम्सडेनबाईंनी कपाळावर हात मारला. "तुमच्या पुडिंगपायी आम्ही इथे कुडकुडलो?"

सगळे हसत हसत स्टाफरूमकडे चहाला निघाले. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मला शंका आली.

"सर, बाटलीत आधी होती ती पूड कुठे टाकलीत?"

"टाकतोय कशाला? कस्टर्डचा डबा रिकामा झालाच होता, त्यात भरली."



तेवढ्यात चहा करायला पुढे गेलेल्या डोरीनबाई स्टाफरूममधून ओरडल्या, "अगं, या कस्टर्डच्या डब्याचं झाकण निघता निघेना. जरा हातोडी द्या गं कुणीतरी!"