सुरातली हजेरी

आठवीचा वर्ग हजेरी गात होता. हो, गातच! सौरव दारात थबकला.

कलगोंडा सर पेटीचा एकच सूर धरून नाव पुकारायचे आणि ते पोर त्याच सुरात, लांबवून, "हजर सऽऽर" म्हणायचं. कुणाचा आवाज फाटका, कुणाचा नाकातला. एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस तऱ्हा. आणि हसत मात्र कुणीच नव्हतं. सौरवला नवल वाटलं ते त्याचंच.

सौरव बेळगावहून गाणं शिकून आलेला गेस्ट टीचर. कलगोंडा सर आज निवृत्त होणार होते. उद्यापासून पेटी आणि आठवीचा वर्ग, दोन्ही त्याच्याकडे.

"हे कशासाठी, सर?" त्यानं विचारलं.

"सकाळी गळा तापतो पोरांचा," म्हणत सरांनी हजेरीपुस्तक मिटलं. हे काही खरं उत्तर नव्हे, एवढं त्याला कळलं.

पोरांना विचारलं, तर "पहिल्यापासनं असंच हाय की!" हेडमास्तर गोमटेश सरांना विचारलं, तर ते भडकलेच. "नाद हाय त्यांचा! सांगून सांगून दमलो मी. चाळीस मिनिटांच्या तासातली अकरा मिनिटं हजेरीत जातात. घड्याळ लावून बघितलंय. तुम्ही उद्यापासनं हे नाटक बंद करायचं बघा."

दुपारी पटांगणात मांडव पडला. सरांना फेटा बांधला, शाल घातली. मागं चुलीवर हुग्गी, गव्हाची खीर, रटरटत होती आणि पुढं भाषणं. चार जणांनी सरांना समुद्र म्हटलं. निपाणीपासून समुद्र केवढा लांब, पण निरोपसमारंभात तो कुठंही पोचतो. सौरवचं डोकं आपलं सकाळच्या हजेरीतच अडकलं होतं.

तेवढ्यात चुलीकडून मालुबाई पदराला हात पुसत आली. शाळेचं जेवण रांधणाऱ्या दोघींतली ही थोरली. "आमच्या अक्काताईला दोन शब्द बोलायचं हाय," ती म्हणाली.

गोमटेश सर सौरवच्या कानाशी वाकले. "अहो, तिचा एक शब्द भाईर पडंना, दोन कुठले? जन्माचीच अडखळती. आमच्याशीसुद्धा हातानंच बोलते."

पण अक्काताई, दोघींतली धाकटी, आलीच. पस्तिशीची, अंगानं थोराड, कपाळावर चुलीचा घाम. आठ दिवस ती भाकरी थापताना हेच दोन शब्द घोकत होती, असं मालुबाई म्हणाली. माईकपुढं उभी राहून तिनं तोंड उघडलं.

"स... स... स..."

पुढं काही निघेना. मान ताणली, डोळे मिटले, मूठ वळली. "स... स..." माईकमुळं ते सगळ्या गावाला ऐकू जात होतं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सौरवला वाटलं, कुणीतरी हिला खाली बसवा रे बाबांनो. अक्काताईनं चुलीकडं पाय वळवला.

"अक्काताईऽ यल्लाप्पाऽ चौगुलेऽऽ!"

कलगोंडा सर खुर्चीत बसूनच पुकारत होते. फेटा, हार, सगळं तसंच. सूर सकाळचाच.

अक्काताई जागच्या जागी ताठ झाली. हात अंगालगत गेले, आठवीतल्या पोरीसारखे.

"हजर सऽऽर!"

स्वच्छ. कुठं खडा नाही. आणि तिनं तो सूर सोडलाच नाही, तसाच धरून पुढं गेली. "आठवीच्या पहिल्या दिवशी माझ्या हजेरीला समदी हसली. मी घरी जाऊन म्हटलं, शाळा नगं. दुसऱ्या दिवशी तुमी पेटी आणलासा, आन् समद्यास्नी गायला लावलासा. समदीच गायला लागल्यावर कोण कुणाला हसणार? मी धावी पास झाले, सर. लई उपकार झालं."

तिच्याच वर्गातला आण्णाप्पा, आता दोन लेकरांचा बाप, तोंडावर हात ठेवून बसला होता. त्या दिवशी हसणाऱ्यांत तोही होता, आणि दुसऱ्या दिवशी पेटी का आली, हे त्याला बावीस वर्षांनी कळत होतं. गोमटेश सर मनगटावरच्या घड्याळाशी उगाच चाळा करत राहिले. कलगोंडा सरांनी नुसते हात जोडले. "हुग्गी लागंल गं खाली," असं म्हणून त्यांनीच तिला परत पाठवलं.

संध्याकाळी सौरव त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेला. त्याला राहवेना.

"सर, अक्काताई दहावी होऊन एवढी वर्षं झाली. मग अजून का?"

"दरवर्षी एखादं असतंच तसं. कुणाची जीभ अडते, कुणाला स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटते."

"आणि आताच्या आठवीत कोण हाय?"

"ठावं न्हाय."

"ठावं न्हाय म्हणजे?"

"कधी बघितलंच न्हाय मी," सर म्हणाले. बस आली होती, पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढं केला. "आपण शोधायला लागलो की पोराला कळतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सौरवनं हजेरीपुस्तक उघडलं. व्हरांड्यात गोमटेश सर उभे होते, पण आज घड्याळाकडं बघत नव्हते. त्यानं पेटीचा भाता ओढला, सूर धरला, पहिलं नाव पुकारलं. एक्केचाळिसावं नाव होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.