राखेचा डाग

"तोंडाने फुंकू नकोस! थुंकी उडेल आत," वेन्सेस्लाओ ओरडले.

"श्वास घेतेय, पापा. तेवढी तरी परवानगी द्या," निदिया म्हणाली.

घरातला एकुलता एक कॅमेरा तिने पालथा धरला होता. लेन्स काढलेली, आरसा वर उचललेला आणि आत फोटो टिपणारा, टपालाच्या तिकिटाएवढा सेन्सर. त्याच्यावर ओरखडा पडला असता, तर बापाचा फोटोंचा धंदा तिथेच बसला असता. दरवेळी तो पुसायचं काम राजधानीतला दुरुस्तीवाला करायचा. पण ज्वालामुखी आठवडाभर राख ओकत होता, रस्ता बंद होता, आणि शनिवारी बेकरीवाल्या ओतिलियाच्या नातीचा पंधरावा वाढदिवस होता. पंधरावा म्हणजे थाट लग्नाचाच. मागच्या कामाच्या सगळ्या फोटोंत डाग दिसले म्हणून वेन्सेस्लाओंनी हाय खाल्ली होती. हेही फोटो बिघडले, तर गावात पुन्हा कोण बोलावणार?

गावात काहीही बिघडलं की राखेच्या माथी मारायची सवय. पाव फुगला नाही, राख. नवरा उशिरा आला, तरी राख.

निदियाने रबरी पंप दाबून आत हवा मारली. ही राख म्हणजे काचेचा चुरा. आधी उडवायची, मगच पुसायचं. मग कापड गुंडाळलेली चपटी काडी, तिच्यावर औषधाचे दोन थेंब, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच हलका हात. पापा शेजारी जीव मुठीत धरून उभे होते.

तिने पांढऱ्या चादरीचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. सकाळच्या फोटोत बारीक काळे ठिपके तिलाही दिसले होते. आता एकही नव्हता.

"जमलं की हो! त्या राजधानीतल्या लुटारूला सांगा आता, दुकान बंद कर म्हणावं!"

पापा हसले नाहीत. "मोठा डाग राहिलाच की. मधोमध."

"कुठे?"

"हा काय!" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आंधळी आहेस का गं?"

बोटाखाली काहीच नव्हतं. तिने नवी काडी घेतली, पुन्हा पुसलं, पुन्हा फोटो काढला.

"आहे तसाच आहे," पापा म्हणाले.

निदियाने खिशातून आपला फोन काढला आणि कुत्र्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "आणि यात?"

त्यांनी फोन जवळ नेला, लांब नेला. "यातही आहे. बघ, तुझ्या फोनमध्येसुद्धा राख शिरली."

कॅमेरा बाजूला ठेवून ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पापा, माझ्याकडे बघा."

त्यांनी पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग खिशातून रुमाल काढून, ती लहान असताना पुसायचे तसं, ते तिचं नाक आणि गाल पुसू लागले. निदियाने मान हलवली नाही. रुमाल पांढराच राहिला होता.

"थांब," ते म्हणाले आणि आणखी जोराने पुसू लागले. "निघेल, पोरी. निघेल."