डब्यातला ‘हाय’

सरजाबाईचा फोन आला तेव्हा अमृतराव न्याहारीला बसले होते.

“आप्पा, श्रीमंततात्या दार उघडंनात,” तात्यांच्या शेतात खुरपायला जाणारी ती चाकूरहून ओरडत होती. ओरडल्याशिवाय उदगीरपर्यंत ऐकू जात नाही, असा तिचा पक्का समज. “आतून कडी हाय. हाका मारून नरडं सुकलं माझं. दार तोडू का?”

अमृतरावांनी ताट बाजूला सारलं. श्रीमंत त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. बायको गेल्यापासून चाकूरच्या शेतात एकटाच राहायचा. पोरांकडे जा म्हटलं की अंगावर यायचा. हा बाबा एक दिवस असाच घरात पडून राहील अन् कुणाला पत्ताही लागणार नाही, या एका धास्तीनं अमृतरावांना ग्रासलं होतं. पूर्वी बसनं जाऊन बघून तरी यायचे. गुडघे गेले अन् तेही बंद झालं.

“थांब, तोडू नको,” ते म्हणाले. “मागं तोडलं तवा गडी ढाराढूर झोपला होता. समद्यांनी महिनाभर शिव्या खाल्ल्या. आधी त्यालाच विचारतो.”

विचारायची सोय होती. त्यांची नात अक्षरा पुण्यात वाढली, तिथंच इंजिनीअर झाली. तिनं दोन डबे बनवले, एक इथं, एक श्रीमंतकडे. म्हाताऱ्यांना मोबाइलची कटकट नको, म्हणून डब्याला एकच बटन. त्यावर ठळक लिहिलेलं, ‘हाय’. इकडे दाबलं की तिकडचा डबा बोलतो, तिकडे दाबलं की इकडचा. आवाज ज्याचा त्याचा, आधीच भरून ठेवलेला.

अमृतरावांना त्या शब्दाचंच कोण कौतुक! “पोरगी पुण्याची, पर बोली आपली उचलली बघ,” ते बायकोला म्हणाले होते. “‘आहे’ न्हाई लिवलं. ‘हाय’ लिवलं.”

“तुमचीच नात,” शिवकांताबाई म्हणाल्या होत्या. “गुण कुठं जातील?”

सुरुवातीला श्रीमंत उत्तराला उशीर लावायचा. कधी द्यायचाच नाही. मग अमृतराव दिवसभर येरझारा घालायचे, जेवणाला हात लावायचे नाहीत अन् बायकोचं डोकं खायचे. दिवाळीत अक्षरा येऊन दोन्ही डबे नीट करून गेली. तेव्हापासून श्रीमंतचा एक दिवसही खाडा नव्हता.

अमृतरावांनी बटन दाबलं. शिवकांताबाई पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. सरजाबाईनंही फोन तसाच धरला होता. बराच वेळ काही नाही. मग डबा खणखणीत बोलला, “हाय!”

“ऐकलंस का गं सरजे? हाय की गडी!” अमृतराव फोनमध्ये ओरडले. “बटन दाबाया माणूस तर लागतो ना? रुसला असंल कुणावर. पडू दे.”

“काय बाई म्हाताऱ्याची तऱ्हा! उगा जीव टांगणीला लावला माझा,” म्हणत सरजाबाई खुरपायला निघून गेली.

अमृतरावांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

संध्याकाळी अक्षरा सुट्टीवर आली. अमृतरावांनी तिला बसूही दिलं नाही. सकाळची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, सरजाबाईची नक्कलही करून दाखवली.

“तुझा डबा होता म्हणून निभावलं, पोरी. न्हाईतर दार तोडलं असतं त्या बाईनं!”

अक्षरा हसली नाही. बॅग तिच्या खांद्यावर तशीच होती.

“आप्पा, सरजाबाईंना फोन लावा. आत्ता लावा.”

“का गं? काय झालं?”

“उत्तर आलं नाही की तुम्ही जेवत नव्हता. आजी रडायची फोनवर. म्हणून दिवाळीत मी... तिकडून कुणी बटन दाबलं नाही, तर थोड्या वेळानं डबाच उत्तर देतो. त्यांच्याच आवाजात.”

“आगं, पर तो सोता म्हणाला की, ‘हाय’ म्हणून!”

“आप्पा,” अक्षराला रडू फुटलं, “ते इंग्रजीतलं हाय आहे. नुसता नमस्कार.”