तांबडं बटण

“ही केबल नाही चालणार,” ती म्हणाली आणि कॅसेट डेकच्या मागून तिनं डोकं बाहेर काढलं. नाकाच्या शेंड्याला धूळ लागली होती. “दोन्ही टोकांना एकेकच पिन आहे. डेकला मागे दोन भोकं आहेत, एक लाल, एक पांढरं.”

“मग राहू दे आजचा दिवस,” बाबा लगेच म्हणाले.

“राहू दे काय? कोपऱ्यावर तर दुकान आहे. ही गेले आणि ही आले.”

आणि चपला सरकवून ती गेलीसुद्धा. बाबा खुर्चीत बसून राहिले. समोर टेबलावर तिचा ऑफिसचा जुना लॅपटॉप आणि शेजारी तिच्या आईच्या आवाजाची कॅसेट.

राहू दे, राहू दे करतच ती कॅसेट आजवर कपाटात पडून होती. मुलगी पाळण्यात असतानाच तिची आई गेली. आईचा आवाज म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच. पाळण्यापाशी बसून ती लेकीशी बोलतेय, तिला कुठल्याशा लाडक्या नावानं हाक मारतेय. ते नाव आईच्या तोंडचं, पुढे कुणी वापरलंच नाही. बाबांना विचारलं की म्हणायचे, “ओठांवर येतं गं, पण आठवत नाही.” कॅसेट ऐकवा म्हटलं की कधी डेकचा पट्टा तुटलेला असायचा, कधी टेप जीर्ण झालेली, लावली तर गुंडाळलीच म्हणून समजा. आत्यापाशी विषय काढला तर तिला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काम निघायचं.

बाबांना सहन होत नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. पण कधीकधी रागही यायचा. आवाज काय एकट्या नवऱ्याचा असतो? लेकीचा काहीच हक्क नाही? शेवटी तिनंच डेक उचलून दुरुस्तीला नेला, नवा पट्टा बसवून आणला. आज कॅसेट लॅपटॉपवर उतरवून न घ्यायला सबब उरली नव्हती.

ती परत आली ती हसतच. “दुकानदारानं माझी शाळाच घेतली, बाबा. म्हणे, लाल-पांढऱ्या पिना ‘आउट’मध्ये लावा. ‘इन’मध्ये लावल्यात तर बसा बोंबलत.”

“तुला जमेल ना नक्की?” बाबांनी विचारलं. “जुनी वस्तू आहे. एकदा गेली की गेली.”

“तुम्ही नुसते घाबरवू नका हो. चहा टाका मस्तपैकी.”

बाबा आत गेले. तिनं पिना बसवल्या, दुसरं टोक लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातलं. कॅसेट आत सरकवली. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं, डेकची बटणं दाबली आणि ती मांडी घालून समोर बसली.

लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची रेघ सरळच्या सरळ पुढे चालली होती. सुरुवातीला कोरी असेल थोडी, तिला वाटलं. रेघ तशीच. तिनं पिना दाबून पाहिल्या, काढून पुन्हा बसवल्या. बाजू संपेस्तोवर धीर धरला. मग टेप मागे घेतली आणि केबलच नको म्हणून डेकचे स्पीकर मोठे करून लावली. नुसती खरखर.

आत दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं नाही.

“बाबा! अहो, काहीच येत नाहीये!”

बाबा दारात आले. त्यांनी डेककडे पाहिलं, मग तिच्याकडे. कपाळावरचा घाम पुसला.

“तांबडं बटण दाबलंस का?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो. रेकॉर्डिंगचं ना ते? लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं म्हणून मघाशी प्लेचं आणि ते, दोन्ही बटणं एकदम दाबली.”

बाबा खाली बसले.

“त्यानं लॅपटॉपवर नसतं गं घेतलं जात,” ते म्हणाले. “कॅसेटवर घेतलं जातं. आधीचं पुसून.”

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आणि दुसरी बाजू?”

“दुसऱ्या बाजूला काही नव्हतंच.”

तिनं कॅसेट काढून छातीशी धरली आणि जी रडायला लागली ती थांबेना. “माझ्या हातानं घालवलं मी आईला! बोला ना बाबा, चार शिव्या तरी घाला!”

“उगी, उगी.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “होतं माणसाच्या हातून.”

“जिवापाड जपली होतीत तुम्ही. एकदा हाक ऐकायची होती हो मला. एकदाच.”

“पोरी, ऐक जरा—”

तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. “दुसरा कुणी असता तर जन्मभर ऐकवलं असतं मला. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.”

बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

संध्याकाळी ती गेली. डोळे सुजलेले, लॅपटॉप खांद्याला, केबल तिथंच डेकवर टाकलेली. कोपऱ्यावरून ती वळेपर्यंत बाबा खिडकीत उभे होते. मग त्यांनी आत्याला फोन लावला.

“अक्का, सुटलो गं,” ते म्हणाले. “ती रांगत होती तेव्हा मीच पुसून बसलो होतो ती कॅसेट, आणि आज तिला वाटतंय, तिनं पुसली.”